कांचेच्या घरांतील एकत्र कुटुंब

घरांत नवा जीव आणावयाचा तर त्याच्या राहण्याजेवण्याची सोय आधीं पाहावी, हें आपल्याकडे कोणास सांगावें लागत नाहीं. गाय येण्यापूर्वीं गोठा तयार असतो. सून येण्यापूर्वीं दोन्ही घरांच्या चालीरीतींची चौकशी होते. परंतु शोभेच्या माशांच्या बाबतींत ही साधी गोष्ट भल्याभल्या शहाण्या मंडळींच्याहि लक्षांत राहत नाहीं. हा अनुभव आम्हीं स्वतः घेतला असून, त्याचा चार घरांस उपयोग व्हावा म्हणून तो येथें सांगत आहों.

१९५१ सालीं मरीन ड्राइव्हवर उघडलेलें मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय लहानपणीं पाहिल्यापासून ही हौस आमच्या मनांत दडून होती. मुलांनीं हट्ट धरतांच ती वर आली. पुण्यास आमच्या दिवाणखान्यांत दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी कांचेची टांकी आली. ज्या घरांत 'मासे' हा शब्द आजवर स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेरच अडत आला, त्या घरीं जिवंत मासे मानानें बैठकींत येऊन बसणार, हें ऐकून आमच्या सारस्वत मित्रांनीं आमची यथेच्छ थट्टा केली. रविवारीं सकाळीं टांकींत वाळू पसरली, नळाचें पाणी भरलें, आणि त्याच सायंकाळीं आम्ही सहकुटुंब दुकानांत गेलों. साड्या निवडाव्या तसे रंग पाहून मासे निवडले: दोन सोनेरी मासे, दोन एंजल, सहा निऑन टेट्रा, चार पट्टेदार टायगर बार्ब, आणि 'कांच साफ ठेवतो' म्हणून सुचविलेला एक काळा सकर. एकूण पंधरा जीव.

चवथ्या दिवशीं एक निऑन तळाशीं पडलेला दिसला. आठवडा संपण्यापूर्वीं सहाहि गेले. सोनेरी मासे पृष्ठभागाशीं तोंड आणून हवा ओढूं लागले आणि एकामागून एक मेले. टायगर बार्बांनीं एंजलांचे लांब, झुळझुळीत पर कुरतडून त्यांच्या चिंध्या केल्या. तीन आठवड्यांनीं पंधरांपैकीं तीन उरले: दोन बार्ब आणि तो सकर. आमची आठ वर्षांची धाकटी मुलगी प्रत्येक मेलेला मासा मागील अंगणांत जास्वंदीच्या मुळाशीं पुरीत असे. शेवटचा मासा पुरून आल्यावर तिनें आमच्या मातुःश्रींस विचारलें, "आजी, हे आपसांत भांडून मेले, कीं आपण मारले?"

मातुःश्री म्हणाल्या, "मासे बिचारे काय भांडतील, बाळ! घर लावून देणाऱ्यांना अक्कल नव्हती."

हें उत्तर आम्हांस लागलें, आणि खरेंहि होतें. त्यानंतर दोन-तीन महिने आम्हीं टांकी रिकामी ठेवून या विषयाची माहिती मिळविली. तिचें सार पुढें देत आहों.

पाणी मुरलें पाहिजे

पहिली चूक मासे निवडण्याच्याहि आधींची होती. मासा ज्या पाण्यांत राहतो त्याच पाण्यांत मळ टाकतो. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेलें अन्न कुजून त्यांत भर घालतें. हा अमोनिया माशांस विषासमान आहे. नदींत तो वाहत्या पाण्यांत विरतो आणि तेथील सूक्ष्म जंतु त्याची विल्हेवाट लावतात. जुन्या, नांदत्या टांकींतहि वाळूवर आणि गाळणीच्या स्पंजांत असे जंतु वस्ती करून असतात. त्यांचा एक वर्ग अमोनियाचें नायट्राइट करतो. दुसरा वर्ग नायट्राइटचें नायट्रेट करतो. नायट्राइटहि घातकच, त्यामुळें रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति जाते आणि मासा पाण्यांत असून गुदमरतो. नायट्रेट मात्र पुष्कळच सौम्य असतें. पाणवनस्पति तें घेतात, आणि आठवड्यास चतुर्थांश पाणी बदललें म्हणजे उरलेलें निघून जातें.

नव्या टांकींत हे जंतु नसतात. त्यांची वस्ती पुरती बसण्यास साधारणपणें चार ते सहा आठवडे लागतात. आमचे मासे पहिल्याच सायंकाळीं निवळशंख पाण्यांत सोडले होते. परंतु निवळशंख पाणी आणि निर्विष पाणी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें आम्हांस ठाऊक नव्हतें.

गृहिणींस ही गोष्ट समजावून देण्यास फार शब्द नकोत. दूध कितीहि चांगलें असलें तरी विरजणावांचून त्याचें दहीं होत नाहीं, आणि विरजण लावल्यावरहि वेळ द्यावाच लागतो. टांकीसहि विरजण लागतें. ज्यांची टांकी कित्येक महिने निरोगी चालली आहे अशा स्नेह्यांकडून गाळणीचा वापरता स्पंज मागून आणावा, तो ओलाच ठेवून आपल्या गाळणींत घालावा, आणि गाळणी रात्रंदिवस चालूं ठेवावी. टांकींत मासे नसतांनाहि रोज चिमूटभर माशांचें खाद्य टाकावें. तें कुजून अमोनिया होतो आणि जंतूंस तेंच अन्न. पाणी तपासण्याचे संच बाजारांत मिळतात. खाद्य टाकीत असतांनाहि अमोनिया आणि नायट्राइट हीं दोन्ही सतत शून्य दिसूं लागलीं म्हणजे घर लागलें असें समजावें.

नळाच्या पाण्यांतील क्लोरिनमुळें हे जंतु आणि मासे दोघांनाहि इजा होते. उघड्या बादलींत एक दिवस ठेवल्यास साधा क्लोरिन उडून जातो. मात्र कांहीं ठिकाणीं पाण्यांत क्लोरामिन घालतात. तें असें उडत नाहीं. त्यासाठीं दुकानांत मिळणारें क्लोरिननाशक औषध वापरणें बरें.

गुण जुळवितांना

पाणी तयार झालें म्हणजे माशांचा विचार. पत्रिका पाहतांना आपण अनेक गुण जुळवितों. येथें सहा जुळविले तरी पुरे. मात्र ते सहाहि जुळले पाहिजेत.

पहिला गुण पाण्याच्या जातीचा. शाळेंत आपण सुफेन आणि दुष्फेन पाणी शिकलेले असतों. ज्या घरीं साबणाला फेंस येत नाहीं, डाळ लवकर शिजत नाहीं आणि किटलीच्या तळाशीं पांढरा थर बसतो, तेथील पाणी दुष्फेन समजावें. विंधनविहिरींचें पाणी बहुधा असें असतें. धरणांतून नळानें येणारें पाणी बहुधा सुफेन असतें. निऑन टेट्रा हा ॲमेझॉनच्या खोऱ्यांतील, अत्यंत सुफेन पाण्यांतला मासा. उलट गप्पी, मोली आणि प्लॅटी यांस दुष्फेन पाणी मानवतें. आपल्या पाण्यास साजेसा मासा निवडणें सोपें. माशासाठीं रोज पाणी पालटणें फार कठीण.

दुसरा गुण उष्णतेचा. सोनेरी मासा हा थंड पाण्याचा जीव. १८ ते २२ अंश सेल्सिअस त्यास सुखाचे. शोभेचे इतर बहुतेक मासे उष्ण प्रदेशांतील. त्यांस २४ ते २६ अंश हवेत. दोघांस एकत्र ठेवलें कीं एकास तरी बारा महिने परक्या ऋतूंत राहावें लागतें. शिवाय पाणी जितकें ऊन तितका त्यांत प्राणवायु कमी, आणि सोनेरी माशास प्राणवायु भरपूर हवा व मळहि तो अधिक करतो. पुण्यानाशिकाकडे हिंवाळ्यांतील रात्रींसाठीं पाणी तापविण्याची कांडी, आणि वीज जाते तेथें बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, हे दोन्ही खर्च आधींच धरून ठेवावे.

तिसरा गुण पुऱ्या वाढीचा. मत्स्यावताराची कथा आपल्या घरांतील मुलांस पाठ असते. मनूच्या ओंजळींत आलेला चिमुकला मासा घागरींत मावेना, मग तळ्यांत मावेना, मग गंगेंतहि मावेना. दुकानांत दोन बोटांएवढा दिसणारा सकर हा त्याच कुळांतला म्हणावयाचा! तो पुढें एक फुटाहून लांब होतो. सोनेरी मासा नीट जगला तर वीतभर वाढतो आणि दहा-पंधरा वर्षें राहतो. कांचेच्या गोल भांड्यांत तो लहान राहतो असें म्हणतात, पण वस्तुतः तो तेथें खुरटतो आणि अकालीं मरतो. एंजल परांसह वीतभर उंच होतो. म्हणून दुकानांत मासा केवढा दिसतो हें न पाहतां, तो पुढें केवढा होणार हें विचारावें.

चौथा गुण स्वभावाचा, आणि त्याबरोबर तोंडाचा. मोठ्यानें लहानास गिळावें या रीतीस आपल्या पूर्वजांनीं मत्स्यन्याय असें नांव दिलें तें उगीच नव्हे. जो मासा दुसऱ्याच्या तोंडांत मावतो तो केव्हां तरी तेथें जातोच. वाढलेला एंजल निऑन टेट्रास खातो तो द्वेषानें नव्हे, भुकेनें. टायगर बार्ब हा खोडकर; लांब परांच्या, संथ माशांपुढें त्याला राहवत नाहीं. सयामचा लढवय्या बेटा तर दुसऱ्या नरास पाहतांच युद्धास उभा राहतो. एका टांकींत दोन नर कधींहि ठेवूं नयेत. गप्पी मासे आपल्याकडे डांसांच्या निर्मूलनासाठीं हौदांत सोडतात म्हणून सर्वांच्या ओळखीचे. ते स्वभावानें गरीब, पण त्यांची मादी अंडीं न घालतां जिवंत पिल्लांस जन्म देते, आणि तेंहि महिन्या-सव्वामहिन्यानें. चार-सहा गप्पींचे वर्षांत किती होतील याचा हिशेब मुलांस घालावा! टांकींत नुसते नर ठेवले तर हा प्रश्न मिटतो.

पांचवा गुण संख्येचा. टेट्रा, डॅनिओ, बार्ब, कोरीडोरस हे कळपानें राहणारे मासे. एकेक जोडी आणली तर ते भेदरून कोपऱ्यांत दडतात किंवा शेजाऱ्यांस छळूं लागतात. आमचे चार टायगर बार्ब आठ-दहा असते, तर त्यांच्या खोड्या बऱ्याच अंशीं आपसांतच जिरल्या असत्या. तेव्हां दहा जातींचा एकेक घेण्यापेक्षां तीन जातींचे सहा-सहा, आठ-आठ घ्यावेत.

सहावा गुण मजल्याचा. कांहीं मासे पृष्ठभागाशीं राहतात, कांहीं मध्यावर, कांहीं तळाशीं. तिन्ही मजल्यांवर बिऱ्हाडें वांटलीं म्हणजे गर्दी होत नाहीं आणि टांकीहि भरलेली दिसते.

आमची दुसरी यादी

या सहा कसोट्या लावून आम्हीं नव्यानें आरंभ केला. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी दुसरी टांकी घेतली. तींत वाळू आणि वरची रिकामी जागा वजा जातां सुमारें १३० लिटर पाणी राहतें. पाणी, वाळू आणि कांच मिळून वजन दीडशें किलोंवर जातें; म्हणून ती ठेवण्यास भक्कम चौकट करून घेतली. जुनी टांकी मोडली नाहीं; तिचा उपयोग पुढें सांगतों.

वरच्या मजल्यावर आठ झेब्रा डॅनिओ. अंगावर निळसर पट्टे असलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा हा चपळ मासा परदेशी नव्हे. तो आपल्याच गंगेच्या खोऱ्यांतला. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश वैद्यानें गंगेंतील माशांवरील ग्रंथ १८२२ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत त्याचें शास्त्रीय वर्णन प्रथम आलें. आज जगभरच्या प्रयोगशाळांत हा मासा पाळतात, कारण त्याचा गर्भ पारदर्शक असतो आणि अवयव कसे घडतात तें डोळ्यांनीं पाहतां येतें. मनुष्याच्या सुमारें ७० टक्के जनुकांशीं जुळणारें एक तरी जनुक त्याच्या अंगीं आहे, असें २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. हें ऐकल्यापासून आमच्या घरीं त्या माशांचा मान वाढला आहे.

त्याच्याच शेजारीं वनस्पतींच्या आडोशास तीन हनी गुरामी. एक नर, दोन माद्या. मधाच्या रंगाचा हा शांत मासाहि हॅमिल्टनच्याच ग्रंथांतला, पूर्व हिंदुस्थान आणि बांगलादेश यांकडचा. तो मधून मधून वर येऊन हवा घेतो. तसा अवयवच त्यास असतो, म्हणून पाणी आणि झांकण यांमध्यें थोडी जागा सोडावी. मधल्या मजल्यावर सिंहलद्वीपांतले आठ चेरी बार्ब. हे टायगर बार्बांचे भाऊबंद खरे, पण स्वभावानें अगदीं गरीब. तळाशीं दक्षिण अमेरिकेंतले सहा कोरीडोरस. हे मिशाळ मासे वाळूंत तोंड खुपसून अन्न शोधतात. खडे टोंकदार असले तर त्यांच्या मिशा झिजतात, म्हणून वाळू बारीक व गुळगुळीत हवी. ते तळ साफ ठेवतील अशा भ्रमांत मात्र राहूं नये. त्यांसहि त्यांचें वेगळें खाद्य द्यावें लागतें.

चारी जातींस २४ ते २६ अंशांचें, फार दुष्फेन नसलेलें पाणी चालतें. कोणाच्याहि तोंडांत दुसरा मावत नाहीं. आणि कोणीहि कोणाचे पर ओढीत नाहीं.

सह्याद्रीच्या अभिमानापोटीं एका माशाचा मोह आम्हांस झाला होता, तो म्हणजे 'मिस केरळ'. केरळ व कर्नाटकांतील पश्चिम घाटाच्या ओढ्यांत राहणाऱ्या या तांबड्या-काळ्या पट्ट्याच्या माशाच्या गणास २०१३ सालीं सह्याद्रीवरूनच नांव मिळालें. परंतु तो वीतभर जवळ जातो, त्यास वाहतें, प्राणवायूनें भरलेलें पाणी आणि मोठी टांकी लागते, आणि शोभेसाठीं फार पकडला गेल्यामुळें ओढ्यांतून तो विरळ होत चालला आहे. नवशिक्यानें त्याच्या वाटेस जाऊं नये. पुढें कोणीं घेतलाच तर टांकींत पैदास केलेलाच घ्यावा.

हे पंचवीस मासे आम्हीं एकाच दिवशीं आणले नाहींत. पाणी मुरल्यावर प्रथम काटक असे डॅनिओ आले. मग दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानें बार्ब, कोरीडोरस आणि सर्वांत शेवटीं गुरामी. वस्ती थोडी थोडी वाढली म्हणजे जंतूंचीहि संख्या तिच्या बरोबरीनें वाढते. प्रत्येक नव्या तुकडीस आधीं तीन आठवडे जुन्या टांकींत वेगळें ठेवलें, कारण दुकानांतून आलेल्या एका रोगी माशामुळें सबंध घर आजारी पडतें. पिशवी प्रथम वीस मिनिटें टांकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग तींत थोडें थोडें टांकीचें पाणी घालीत जावें, आणि शेवटीं मासा अलगद जाळीनें सोडावा. पिशवींतलें पाणी टांकींत ओतूं नये. खाद्य दिवसांतून दोनदां, दोन मिनिटांत संपेल एवढेंच. घरांत जितकीं माणसें तितके हात खाद्य टाकणारे, हा एकत्र कुटुंबांतील मोठाच धोका. म्हणून आमच्याकडे डबा धाकटीच्या ताब्यांत असतो आणि आम्हांसहि तिची परवानगी लागते.

उरलेल्यांचें काय?

पहिल्या टांकींतले तीन मासे उरले होते, त्यांची गोष्ट सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. दोघे बार्ब, ज्यांच्याकडे त्यांच्याच जातीचा मोठा कळप होता अशा एका स्नेह्यांकडे गेले. सकर मात्र कोणी घेईना. मातुःश्रींचा आग्रह पडला कीं, त्यास नदींत सोडून द्यावें. मुक्या जीवास मुक्त केल्याचें पुण्य लागेल. हेतु निर्मळ होता, आणि नाहीं म्हणणें आम्हांस जड गेलें. परंतु दक्षिण अमेरिकेंतला हा मासा लोकांनीं असाच सोडल्यामुळें केरळांतील आणि कोलकात्यानजीकच्या पाणवठ्यांत पसरला आहे. तो कांठांत बिळें पाडतो, मूळच्या माशांचें अन्न खातो, कोळ्यांचीं जाळीं फाडतो, आणि त्याच्या कठीण कवचामुळें त्यास खाणारेहि थोडेच. एकदां नदींत वसला कीं तो निघत नाहीं.

हें सर्व ऐकून मातुःश्री बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे एकाला जीवदान देऊन दहांचीं घरें उठवायचीं. नको बाई तें पुण्य."

शेवटीं तो सकर, ज्यांच्या घरीं सहा फुटांची टांकी आहे अशा एका ओळखीच्या कुटुंबांत गेला. त्या जागेसाठीं आम्हांस दोन महिने विचारपूस करावी लागली. आणण्यास पांच मिनिटें आणि मार्गीं लावण्यास दोन महिने, हा हिशेब आम्ही विसरलेलों नाहीं.

नवी टांकी लावून आतां आठ महिने झाले. पंचवीसांपैकीं दोन मासे या काळांत गेले; तेहि जास्वंदीपाशींच पुरले. परंतु धाकटीनें या वेळीं तो प्रश्न विचारला नाहीं. गेल्या महिन्यांत गुरामीच्या नरानें पाण्यावर बुडबुड्यांचें घरटें बांधलें, तें तिनेंच प्रथम पाहिलें आणि आजीस हात धरून आणून दाखविलें.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं मुलांनीं हा हट्ट धरला असेल, त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे. पहिल्या रविवारीं दुकानांत जरूर जावें, परंतु रिकाम्या हातीं परत यावें. जे मासे आवडतील त्यांचीं नांवें वहींत लिहून घ्यावीं, आणि प्रत्येकापुढें त्याचें पाणी, उष्णता, पुरी वाढ, स्वभाव, कळपाची संख्या आणि मजला हीं सहा घरें भरावीं. पाणी मुरण्यास लागणारे पांच-सहा आठवडे या कामास पुष्कळ आहेत. यादींतलीं निम्मीं नांवें त्या अवधींत खोडलीं जातील. मुलांस त्याचें वाईट वाटेल. परंतु मासे आणून ते पुरण्यापेक्षां वहींतलें नांव खोडणें पुष्कळ सोपें, हें आमच्या धाकटीस विचारल्यास तीहि सांगेल.